घरकुलाचा हिशेब आपल्या हाती
(सामुदायिक रेडिओवरील भाषण. सेमाडोह, तालुका चिखलदरा, जिल्हा अमरावती)



आम्ही सेमाडोहच्या बचत गटातल्या बाया. आज आम्ही घराबद्दल बोलणार आहोत. गावागावात घरकुलाच्या याद्या लागल्या आहेत. कुणाच्या खात्यात पहिला हप्ता आला, कुणाचा जोता बांधून झाला, कुणाच्या भिंती उभ्या राहून वर्ष झालं तरी डोक्यावर अजून ताडपत्रीच आहे. घरकुल मंजूर झालं म्हणजे घर झालं असं सगळे म्हणतात. पण मंजुरी आणि घर यांच्यामध्ये बराच हिशेब असतो. तो हिशेब बाईने केला तर घर कर्जाशिवाय पूर्ण होऊ शकतं, हे आज सांगायचं आहे.

आधी आपल्या जुन्या घराला नाव ठेवू नका. मेळघाटातलं कोरकू घर आठवा. समोरासमोर दोन रांगा, मध्ये रुंद मोकळी वाट. सागाचे खांब, बांबूचा कुड, त्यावर मातीचा लेप, वर कवेलू. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. या घराला पैसा कमी लागायचा, पण मेहनत दरवर्षी लागायची. पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे, पावसाने धुतलेला कुड पुन्हा लिंपायचा, वाळवी लागलेला बांबू बदलायचा. छपरावर घरचा माणूस चढतो, पण माती कालवणं, पाणी आणणं, लिंपणं, सारवणं आपल्याच वाट्याला. म्हणून पक्क्या घराची ओढ बाईला जास्त असते. ती हौस नाही. दरवर्षीची ती मजुरी वाचावी आणि पावसाच्या रात्री लेकरं कोरडी झोपावी, एवढंच तिचं मागणं असतं.

आता योजनेकडे येऊ. गरिबाला घर देण्यासाठी १९८५-८६ साली इंदिरा आवास योजना सुरू झाली. तिच्या जागी २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना, ग्रामीण आली. घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचं हवं आणि त्यात स्वयंपाकाची जागा धरलेली आहे. मदतीची रक्कम साध्या भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ, दुर्गम म्हणून ठरवलेल्या भागात १ लाख ३० हजार. त्यातले ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे. आपला भाग डोंगराळ आहे हे आपल्याला पायांनी ठाऊक आहे, पण कागदावर कोणता आकडा लावला आहे ते मंजुरीपत्रावर वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या.

या रकमेशिवाय आणखी काही आपल्या हक्काचं आहे. स्वतःच्या घराच्या बांधकामावर रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी मिळते, डोंगराळ भागात ९५ दिवसांची. २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने ९० दिवसांचे २८ हजार ८० रुपये होतात. शौचालय आधी घेतलं नसेल तर त्याचे १२ हजार वेगळे. राज्य सरकारने २०२५ मध्ये आणखी ५० हजारांची भर जाहीर केली. त्यातले ३५ हजार घरासाठी आणि १५ हजार छपरावरच्या सौर विजेसाठी. राज्याच्या रेती धोरणात घरकुलवाल्यांना ५ ब्रास रेती मोफत द्यायचं ठरलं आहे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ही सगळी नावं एका कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे लिहा, मिळालं की नाही. बऱ्याच घरी मूळ रक्कम येते, पण मजुरीचं हजेरीपत्रक कुणी भरतच नाही. मग हक्काचे २८ हजार तसेच राहून जातात.

आता मुख्य गोष्ट. १ लाख २० हजारांचा आकडा २०१६ पासून तोच आहे. तो मोठा की लहान हे समजायला आम्ही गटात एक सोपी रीत वापरली. पैसे रुपयांत न मोजता मजुरीच्या दिवसांत मोजले. २०१६-१७ मध्ये रोजगार हमीचा रोज १९२ रुपये होता. तेव्हा १ लाख २० हजारांत ६२५ दिवसांची मजुरी बसायची. २०२५-२६ मध्ये रोज ३१२ झाला. तेवढ्याच पैशांत आता ३८५ दिवसांचीच मजुरी बसते. राज्याचे ३५ हजार मिळवले तर ४९७ दिवस होतात. म्हणजे भर घालूनही २०१६ एवढी ताकद या रकमेत आलेली नाही. मजुरी वाढली पाहिजे हे सरकारने मान्य केलं, कारण महागाई वाढली. मग गवंड्याचा रोज, सिमेंट, लोहा, विटा यांचीही महागाई मानायला हवी. रोज ज्या प्रमाणात वाढला त्याच प्रमाणात घरकुलाची रक्कम वाढली असती, तर आज ती १ लाख ९५ हजार असती. कोलाम, कातकरी, माडिया गोंड या समाजांसाठी २०२३ मध्ये पीएम जनमन अभियान सुरू झालं. त्यात एका घराला २ लाख रुपये धरले आहेत. म्हणजे जंगलातल्या घराला जास्त खर्च येतो हे सरकारलाही ठाऊक आहे. कोरकू त्या यादीत नाहीत, पण आपला घाट काही कमी उंच नाही.

सेमाडोहसारख्या गावात खर्च आणखी कुठे वाढतो? आपण वाघाच्या राखीव जंगलात राहतो. सिपना नदी गावाजवळून वाहते, पण तिच्यातली रेती उचलता येत नाही. सिमेंट, लोहा, टीन, गिट्टी सगळं परतवाड्याच्या बाजूने घाट चढून येतं. रेती मोफत मिळाली तरी ती आणायचं भाडं आपल्याच अंगावर पडतं. गाडी अर्धी भरून आली तरी भाडं पूर्ण.

दुसरी अडचण हंगामाची. दिवाळीनंतर कितीतरी घरं कामासाठी खाली उतरतात. कुणी वीटभट्टीवर, कुणी हरभरा काढायला. होळीला माणसं गावी येतात. होळी ते पाऊस, एवढेच तीन महिने बांधकामाला मिळतात. त्याच दिवसांत पाणी आटलेलं असतं. जोत्याला पाणी मारायचं, भिंतीला मारायचं, स्लॅबवर आळी करून दिवसच्या दिवस पाणी धरायचं. ते पाणी डोक्यावरून कोण आणतं हे सांगायला नको. पाणी कमी पडलं की सिमेंट कच्चं राहतं आणि दोन वर्षांत भेगा जातात. योजनेच्या कागदात या पाण्याचा खर्च कुठेच धरलेला नाही.

तिसरी अडचण हप्त्यांची. पैसा एकदम येत नाही. रिकाम्या जागेचा फोटो, जोत्याचा फोटो, भिंतींचा फोटो, छपराचा फोटो, असा एकेक टप्पा नोंदला की पुढचा हप्ता. ही पद्धत चांगली आहे, नाहीतर पैसा दुसरीकडे गेला असता. पण आपल्याकडे मोबाईलला रेंज नाही, फोटो काढणारा माणूस पंधरा दिवसांनी येतो आणि तोपर्यंत गवंडी दुसऱ्या गावी निघून जातो. मधला काळ भरून काढायला माणूस उधारी करतो, आणि कर्ज घरात शिरतं ते याच दिवसांत.

त्याचाही हिशेब ऐका. ५० हजार रुपये सावकाराकडून महिना शेकडा ३ रुपयांनी घेतले, तर महिन्याला १५०० आणि वर्षाला १८ हजार नुसतं व्याज. म्हणजे जवळजवळ ५८ दिवसांची मजुरी फक्त व्याजात, मुद्दल तसंच उभं. तेच पैसे गटातून शेकडा १ रुपयाने मिळाले तर वर्षाचं व्याज ६ हजार. घरकुलाच्या नियमात ७० हजारांपर्यंत बँकेचं कर्ज मिळवून देण्याची तरतूद आहे. आमचं म्हणणं, कर्ज काढायचंच असेल तर आधी गट, मग बँक. सावकाराचं दार नको. आणि छप्पर पडल्यावर फरशी, रंग, नक्षीचं दार यासाठी तर मुळीच नको.

घर परवडत नाही ही अडचण फक्त मेळघाटाची नाही. मुंबईत पगारदार माणसालाही घर घेता येत नाही, आणि परदेशातल्या मोठ्या शहरांत निम्मा पगार भाड्यात जातो म्हणून लोक मोर्चे काढतात. पण काही ठिकाणी लोकांनी वाट काढली. त्यातल्या चार गोष्टी आम्ही निवडल्या आहेत. दोन आपल्या राज्यातल्या, दोन दूरदेशीच्या.

पहिली गोष्ट लातूरची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भागात भूकंप झाला. सुमारे ८ हजार माणसं गेली. काही गावं नव्या जागी बांधली, पण हजारावर गावांत मोडकी घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती. ते काम घरमालकानेच करायचं ठरलं. पैसा टप्प्याटप्प्याने मिळणार होता, पण लोकांना नियम कळत नव्हते. तेव्हा गावातल्या महिला मंडळांना संवाद सहायक म्हणून नेमलं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांना साथ दिली. बाया घरोघरी गेल्या, नियम समजावले, भिंतीत पट्टा कसा घालायचा ते शिकल्या आणि गवंड्याच्या कामावर नजर ठेवू लागल्या. त्या काही इंजिनियर नव्हत्या, आपल्यासारख्याच होत्या. पण पट्टा घातला की नाही हे बघायला डोळे पुरतात.

दुसरी गोष्ट सोलापूरची. तिथे हजारो बाया घरी बसून विड्या वळतात. झोपडपट्टीत भाड्याने राहायच्या. नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने त्यांनी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने सहकारी गृहनिर्माण संस्था काढली आणि शहराजवळ कुंभारी इथे १० हजार घरं उभी केली. एका घराचे ६० हजार. त्यातले २० हजार केंद्राचे, २० हजार राज्याचे आणि २० हजार विडी कामगार बाईचे. २००६ मध्ये ही घरं बायांच्या ताब्यात आली. पुढे तिथेच रे नगर नावाची ३० हजार घरांची वसाहत ठरली आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातली पहिली १५ हजार घरं दिली गेली. यामागे कितीतरी वर्षांचे मोर्चे, सभा आणि अर्ज आहेत. एकट्या बाईला कुणी ना जमीन दिली असती ना कर्ज.

तिसरी गोष्ट उरुग्वे देशाची. तो दक्षिण अमेरिकेतला छोटा देश आहे. तिथे १९६८ साली घरांचा कायदा झाला आणि त्यात परस्पर मदतीच्या सहकारी संस्थांना जागा मिळाली. सरकार कर्ज देतं, जाणकार माणसं सल्ला देतात आणि प्रत्येक कुटुंब आठवड्याला २१ तास बांधकामावर राबतं. आपण माझं घर, तुझं घर म्हणतो. तिथे सगळ्यांनी सगळ्यांची घरं बांधायची असतात. सामान संस्था एकदम विकत घेते, म्हणून स्वस्त पडतं. घर संस्थेच्या मालकीचं असतं, राहायचा हक्क कुटुंबाचा, म्हणजे कुणी ते विकून मोकळा होत नाही. आपल्याकडे पेरणीला एकमेकांच्या वावरात जाण्याची रीत होतीच. इथे ती घराला लावली आहे.

चौथी गोष्ट चिली देशातल्या इकिके शहराची. तिथे सुमारे १०० कुटुंबांची वस्ती होती. सरकारी मदत इतकी कमी होती की त्यात नीट अख्खं घर बसत नव्हतं. आलेहांद्रो आरावेना आणि त्यांच्या सोबतच्या वास्तुरचनाकारांनी २००४ मध्ये लोकांशी बसून ठरवलं की लहान आणि कच्चं अख्खं घर बांधण्यापेक्षा चांगलं अर्धं घर बांधू. पाया, मोठ्या भिंती, न्हाणी, स्वयंपाकघर, जिना असं अवघड काम आधी पक्कं केलं आणि बाजूला मोकळी जागा ठेवली. पुढे पैसा आला तसं लोकांनी आपापलं घर वाढवलं. आम्हाला ही गोष्ट फार पटली. घरकुल मिळालं की चार खोल्यांचा जोता घालायचा, मग पैसा जोत्यातच संपतो आणि भिंती तशाच राहतात, असं आपल्याकडे किती घरी झालं आहे! २६९ चौरस फुटांचं घर छपरासकट पूर्ण करा. वाढवायची बाजू मोकळी ठेवा, त्या बाजूने दाराची जागा सोडा. लेकाचं लग्न झालं की तिकडे खोली निघेल.

या चार गोष्टींतून आम्ही आमच्या गटासाठी काही कामं ठरवली आहेत. तुमच्या गटालाही ती करता येतील.

पहिलं काम, चुना टाकायच्या आधी बाईने घर जमिनीवर काठीने आखून बघायचं. चूल कुठे, धूर कुठून जाणार, न्हाणी कुठे, धान्याची कोठी कुठे, कोंबड्या-बकऱ्या कुठे. गवंडी आला की त्याला तेच दाखवायचं. न्हाणीला आडोसा आणि चुलीजवळ खिडकी, या दोन गोष्टी नंतर होत नाहीत.

दुसरं काम, खरेदी मिळून करायची. गावात दहा घरकुलं मंजूर असतील तर दहांनी एकदम सिमेंट, लोहा मागवावा. गाडी भरून येते, भाडं वाटलं जातं आणि दुकानदारही भाव कमी करतो. सिमेंट मात्र लागेल तेवढंच आणा, पावसात ते दगड होतं. मिस्त्रीही एकच ठरवावा, म्हणजे तो गाव सोडून जात नाही. झारखंडमध्ये बाया बांधकाम शिकल्या, त्यांना राणी मिस्त्री म्हणतात. घरकुल योजनेत गवंडीकामाचं प्रशिक्षण आहे. त्यात बायांची नावं घाला.

तिसरं काम, घर ठेक्याने देऊ नका. हप्ता जमा झाला की ‘सगळं मी बघतो, तू फक्त अंगठा दे’ म्हणणारे येतात. पैसा खात्यातून काढून त्यांच्या हाती दिला की आपल्या हाती काही राहत नाही. एवढं काम झालं तर एवढे पैसे, असं लिहून ठेवा.

चौथं काम, स्थानिक सामान विसरू नका. पक्कं घर म्हणजे फक्त सिमेंटचा डबा, असं योजनेत म्हटलेलं नाही. त्या त्या भागाच्या हवामानाला आणि सामानाला शोभतील असे नमुने वापरायला नियमात वाव आहे. आपल्याच मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या लवादा गावी सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं आणि बांबूतून घरं कशी उभी राहतात ते दाखवलं. २०१७ पासून जंगलाबाहेर लावलेल्या बांबूला कायद्याने झाड म्हणत नाहीत, त्यामुळे वावराच्या बांधावरचा बांबू तोडायला अडचण राहिली नाही. टिनाखाली बांबूची चटई लावली तरी ऊन पुष्कळ कमी लागतं.

पाचवं काम नावाचं. घरकुल नवरा-बायको दोघांच्या नावाने किंवा एकट्या बाईच्या नावाने मंजूर करायचा नियम आहे. पण मंजुरीत नाव असून भागत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्येही बाईचं नाव लागलं पाहिजे. ग्रामविकास विभागाने २००३ सालीच सांगितलं आहे की घराच्या नोंदीत पत्नीचं नाव लावावं. घराची लिंपण-सारवण पिढ्यान्‌पिढ्या आपण केली, तर उताऱ्यावर आपलं नाव मागायला संकोच कशाचा?

आता ज्यांचं नाव यादीतच नाही किंवा ज्यांना जागाच नाही, त्या बहिणींसाठी. आदिवासी कुटुंबाला आवास योजनेतून घर मिळालं नसेल तर शबरी आदिवासी घरकुल योजना आहे. तिची चौकशी धारणीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करा. जागा नसलेल्याला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला १ लाखापर्यंत मदत आहे. पण आपल्या गावांभोवती विकत घ्यायला जागा असते कुठे? सगळं वनखात्याचं. म्हणून २००६ चा वनहक्क कायदा महत्त्वाचा. त्यात कसण्यासारखाच राहण्याचाही हक्क सांगितला आहे. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यपालांनी अनुसूचित क्षेत्रासाठी अधिसूचना काढून या कायद्यात बदल केला, तो गावालगतच्या वनजमिनीवर घरासाठी जागा मिळावी म्हणून. चिखलदरा आणि धारणी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. इथे पेसा कायदा लागू आहे आणि गरिबांच्या योजनेचे लाभार्थी निवडण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. यादी कुणाच्या घरी बसून होत नाही. ती ग्रामसभेत वाचली गेली पाहिजे आणि तिथे बाया बसलेल्या असल्या पाहिजेत.

आणि एक मागणी आपण सगळ्यांनी मिळून करायची आहे. घरकुलाची रक्कम रोजगार हमीच्या दराबरोबर दरवर्षी वाढावी. घाट चढून येणाऱ्या सामानाचं भाडं वेगळं मिळावं. आणि होळीच्या आधी हप्ता जमा व्हावा, म्हणजे माणसं गावात असताना काम होईल. हे तीन ठराव ग्रामसभेत लिहून घ्या आणि त्याची प्रत मागा. आपला गटातला दिवसांचा हिशेब त्याला जोडा. मागणीसोबत हिशेब असला की साहेबालाही उत्तर द्यावं लागतं.

येत्या गटसभेत या प्रश्नांवर बोला. आपल्या गावात किती घरकुलं मंजूर आहेत आणि किती पूर्ण झाली? अर्धी राहिलेली घरं कोणत्या टप्प्यावर अडली? किती जणींना ९० दिवसांची मजुरी मिळाली? किती घरांच्या उताऱ्यावर बाईचं नाव आहे? कुणी सावकाराकडून पैसे घेतले असतील तर तिला बोलू द्या, नावं ठेवू नका. तिचं कर्ज गटातून फेडून घेता येईल का ते बघा. जे निघेल ते वहीत लिहा आणि आम्हाला कळवा. सगळ्या गावांची वही जुळली की पुढच्या वेळी आपण त्यावरच बोलू.

सेमाडोहच्या बायांकडून सगळ्यांना राम राम.